लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. हा रॉबर्ट्स कोण? थोडक्यात सांगा.

फ्रेडरिक स्ले रॉबर्ट्स. जन्म ३० सप्टेंबर १८३२, कानपूर. मृत्यू १४ नोव्हेंबर १९१४, फ्रान्समधलं सेंतोमेर. कंपनी सरकारच्या बंगाल आर्मीत तोफखान्यात एकदम खालच्या ऑफिसरच्या जागेवर लागला आणि फील्ड मार्शल होऊन मेला. मधे १८५७, व्हिक्टोरिया क्रॉस, अफगाणिस्तान, मग साडेसात वर्षं हिंदुस्तानचा कमांडर-इन-चीफ, मग म्हातारपणी बोअर युद्ध (दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी). सैनिक लाडाने त्याला बॉब्स म्हणायचे. उंचीने बुटका, एका डोळ्याने जवळजवळ आंधळा (लहानपणीच्या तापात गेला तो डोळा), पण घोड्यावर बसला की कुणाला ऐकायचा नाही.

प्र. इतके इंग्रज जनरल होऊन गेले, ह्याच्यावरच एवढं का लिहायचं?

कारण बाकीचे लढले, जिंकले किंवा हरले आणि गेले. ह्याने मात्र हिंदुस्तानी फौजेत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही ह्यावर असं काही करून ठेवलं की त्याचा फटका महाराष्ट्रातल्या घराघरांना बसला, मराठ्यांना थोडा आणि महारांना फार. ते खाली सविस्तर येतंच. त्याच्या छातीवरची पदकं सगळेच मोजतात, हा भाग मात्र दोन ओळींत उरकला जातो, म्हणून इथे तो जरा जास्त लिहिलाय.

प्र. तो इंग्रज की आयरिश?

घराणं आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचं, शिक्षण इंग्लंडमधे (ईटन, सँडहर्स्ट, मग कंपनीचं अ‍ॅडिस्कम), जन्म आणि नोकरी हिंदुस्तानात. वडील सर अब्राहम रॉबर्ट्स पण कंपनीच्या फौजेत जनरल होते. पोरगा डिसेंबर १८५१ मधे कमिशन घेऊन आला आणि लवकरच पेशावरला वडिलांच्याच हाताखाली एडीसी, म्हणजे जनरलचा खास मदतनीस अधिकारी, म्हणून लागला, म्हणजे वशिला होताच, ते कुणी लपवलं पण नाही. स्वतःला तो आयरिश म्हणवायचा पण आयर्लंडला स्वराज्य द्यायला त्याचा कट्टर विरोध. १९१४ मधे तर ह्याच स्वराज्याला विरोध करणाऱ्या उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या बंडखोरांना त्याची उघड सहानुभूती होती.

प्र. १८५७ मधे तो नक्की कुठे होता?

मेरठची बातमी आली तेव्हा पेशावरला. तिथून पंजाबातल्या फिरत्या फौजेबरोबर, ज्याला ते मूव्हेबल कॉलम म्हणायचे, खाली आला आणि जूनच्या शेवटी दिल्लीच्या रिजवर, म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरच्या इंग्रज तळावर, पोचला. १४ जुलैला पाठीच्या कण्याजवळ गोळी लागली, कमरेची चामड्याची पाऊच सरकून नेमकी मागे आली होती म्हणून वाचला, नाहीतर हे पान लिहायची वेळच आली नसती. सप्टेंबरमधे इंग्रजांनी दिल्लीवर हल्ला चढवला त्या दिवशी काश्मीर दरवाज्याजवळ एक डोली बेवारस पडलेली त्याला दिसली, भोई लुटीला पळून गेलेले, आत बघतो तर हल्ल्यातला इंग्रज सेनानी जॉन निकल्सन, मरणाच्या दारात. नोव्हेंबरमधे लखनौला मेस हाऊसच्या मनोऱ्यावर झेंडा लावायला त्यालाच पाठवलं, झेंडा दोनदा गोळ्यांनी खाली पडला आणि दोन्ही वेळा त्याने परत उभा केला.

हे झालं शौर्याचं. दुसरी बाजू पण वाचा. तोफेच्या तोंडी देऊन माणसं उडवण्याबद्दल त्याने जून १८५७ मधे घरी पाठवलेलं पत्र आहे. दृश्य भयंकर आहे पण ह्या दिवसांत तसल्या गोष्टींचं फार मनावर घेऊन चालत नाही, अशा अर्थाचं. तेव्हा वय पंचवीस पण पूर्ण नव्हतं. ती पत्रं त्याच्या मरणानंतर दहा वर्षांनी छापली गेली. त्याच्या गाजलेल्या आत्मचरित्रातला सूर बराच सभ्य आहे, म्हणून नुसतं आत्मचरित्र वाचून मत बनवू नका.

प्र. व्हिक्टोरिया क्रॉस कशासाठी मिळाला?

२ जानेवारी १८५८, खुदागंज, फर्रुखाबाद फत्तेगडच्या बाजूला. बंडवाले शिपाई मागे हटत होते आणि घोडदळ त्यांच्या पाठी लागलं होतं. एका शिपायाने संगीन रोखून एका सवाराला (आपलाच, म्हणजे पंजाब कॅव्हलरीतला हिंदुस्तानी सवार) गाठलं होतं, रॉबर्ट्स मधे घुसला आणि तलवारीने शिपायाला मारलं. लगेच पुढे दोघं जण निशाण घेऊन पळताना दिसले, त्यांच्या मागे गेला, निशाणाला हात घातला, एकाला कापला, तेवढ्यात दुसऱ्याने बंदूक त्याच्या अंगाला टेकवून चाप ओढला. बार उडालाच नाही. नशीब म्हणायचं ते हेच.

लक्षात घ्या, ज्याला वाचवलं तो हिंदुस्तानी सवार आणि ज्याला मारलं तो पण हिंदुस्तानी शिपाई. आणि व्हिक्टोरिया क्रॉस तेव्हा हिंदुस्तानी सैनिकाला मिळूच शकत नव्हता, ती सोय १९११ मधे झाली.

प्र. मग १८५८ ते १८७८ वीस वर्षं काय केलं?

बहुतेक वेळ क्वार्टरमास्टर खात्यात. म्हणजे तंबू, खेचरं, दाणा, बोटी, मुक्काम कुठे करायचा, कोण कधी निघणार. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण त्याची पुढची सगळी कीर्ती ह्याच कामावर उभी आहे. १८६७-६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत, जी मुंबईहून निघाली आणि जिचा प्रमुख मुंबई आर्मीचा कमांडर-इन-चीफ रॉबर्ट नेपियर होता, त्यात रॉबर्ट्स तांबड्या समुद्राच्या काठी झूला बंदरात माल उतरवून घेत बसला, एक पण लढाई बघितली नाही. १८७१-७२ मधे लुशाई टेकड्यांत, आजच्या मिझोरममधे. १८७५ ला हिंदुस्तानचा क्वार्टरमास्टर जनरल. मधे १८५९ मधे आयर्लंडमधे नोरा ब्यूज हिच्याशी लग्न. बाई खमक्या होत्या, नवऱ्याच्या बदल्या बढत्यांत त्यांचा शब्द चालतो अशी कुजबुज नेहमी असायची, पण लष्करी हॉस्पिटलात शिकलेल्या नर्स आणायचं श्रेय पण त्यांनाच जातं. १८८८ मधे अशा नर्सांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली.

प्र. काबूलमधे त्याने काय केलं? काही लोक हिरो म्हणतात, काही कसाई.

दोन्हींना आधार आहे. क्रमाने सांगतो.

१८७८ मधे दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला कुर्रमच्या खोऱ्यातली फौज मिळाली. २ डिसेंबरला पैवार कोतलची खिंड त्याने रात्रीत डोंगराला वळसा घालून, शत्रूच्या बगलेवर जाऊन घेतली. समोरून गेला असता तर संपलाच असता. ह्याच मोहिमेत लंडनच्या एका पेपरच्या वार्ताहराशी तारांच्या मजकुरावरून वाजलं आणि त्याला छावणीतून बाहेर काढलं. प्रसिद्धी कशी सांभाळायची हे रॉबर्ट्सला तेव्हापासूनच कळत होतं.

तह झाला, कॅव्हेन्यारी नावाचा रेसिडेंट काबूलला बसवला आणि ३ सप्टेंबर १८७९ ला पगार थकलेल्या अफगाण पलटणींनी रेसिडेन्सीवर हल्ला करून त्याला आणि त्याच्या रक्षणाला असलेल्या गाईड्स पलटणीच्या तुकडीला मारलं. रॉबर्ट्स शिमल्याहून धावला, ६ ऑक्टोबरला चारासियाबला लढाई जिंकून काबुलात शिरला. आणि मग फाशीचं सत्र. लष्करी कोर्ट बसवून ऐंशीहून जास्त माणसं लटकवली. त्यातले काही कॅव्हेन्यारीच्या खुनात होते असं म्हणता येईल, पण इंग्रजांविरुद्ध लढले एवढ्याच आरोपावर पण लोक फासावर गेले, म्हणजे स्वतःच्या देशात परक्या फौजेशी लढणं हाच गुन्हा. विलायतेतच ह्यावर ओरडा झाला, पार्लमेंटमधे प्रश्न आले, रॉबर्ट्सला खुलासा करावा लागला. डिसेंबरमधे अख्खा मुलूख उठला, इंग्रज फौज शेरपूरच्या छावणीत कोंडली गेली, २३ डिसेंबरला मोठा हल्ला परतवला तेव्हा कुठे श्वास घेता आला.

प्र. काबूल ते कंदहार मार्च एवढा गाजला का?

आधी मैवंद समजून घ्या. २७ जुलै १८८० ला कंदहारच्या पश्चिमेला, मैवंदला, काबूलच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या अयुब खानने इंग्रज ब्रिगेडचा धुव्वा उडवला. अडीच हजारांच्या आसपास फौज, त्यातले हजाराच्या जवळपास मेले. ही फौज बहुतेक मुंबई आर्मीची होती बरं का. पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, मुंबईचं घोडदळ, सॅपर्स, आणि सोबत ६६ वी गोरी पलटण. उरलेले कंदहारच्या तटाआड अडकले.

रॉबर्ट्स ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काबूलहून निघाला आणि ३१ ऑगस्टला कंदहारला पोचला. सुमारे दहा हजार लढणारी माणसं, त्यातले सात हजारांवर हिंदुस्तानी, म्हणजे शीख, गुरखे, पंजाबी, शिवाय सात आठ हजार भोई, भिस्ती, खेचरवाले वगैरे. अंतर पाचशे किलोमीटर. ऑगस्टचं ऊन दिवसा आणि रात्री थंडी. चाकाची तोफ एक पण घेतली नाही, सगळ्या डोंगरी तोफा जनावरांवर. शेवटच्या टप्प्यात रॉबर्ट्स स्वतः तापाने डोलीत पडून होता, कंदहार दिसायला लागल्यावर घोड्यावर बसला, कारण डोलीतून गावात शिरणं बरं दिसत नाही. १ सप्टेंबरला अयुब खानाचा पूर्ण पराभव.

आता माझं मत. मार्च उत्तम होता, रसद चोख होती, आणि इथे त्याची वीस वर्षांची हमाली कामाला आली. पण वाटेत त्याला कोणी अडवलंच नाही. नवा अमीर अब्दुर रहमानला अयुब खान परस्पर हरलेला हवाच होता म्हणून त्याची माणसं वाटेवरच्या टोळ्यांना समजावत, धान्य मिळवून देत होती. उलट त्याच वर्षी एप्रिलमधे डोनाल्ड स्टुअर्ट ह्याच रस्त्याने कंदहारहून काबूलला आला होता, आणि तो तर अहमद खेलला मोठी लढाई लढत आला, त्याचं नाव आज कुणाला आठवतं? पेपरवाल्यांना तेव्हा मैवंदच्या जखमेवर फुंकर हवी होती, ती रॉबर्ट्सने दिली.

प्र. कंदहारच्या सुटकेला मुंबईकडून पण फौज निघाली होती ना?

हो, क्वेट्ट्याकडून जनरल फेअर येत होता, वाहतुकीची जनावरं मिळेनात म्हणून उशिरा पोचला आणि सगळं श्रेय रॉबर्ट्सकडे गेलं. हा फेअर म्हणजे तोच, बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर, ज्याला सरबतातून विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला आणि १८७५ मधे त्यांची गादी गेली. तेव्हाची ब्रिटिश लष्करशाही किती लहान वर्तुळात फिरत होती बघा.

प्र. कुलाब्याचं अफगाण चर्च ह्याच युद्धाचं आहे का?

नाही. ते पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या आठवणीत बांधलेलं, जानेवारी १८५८ मधे उघडलं. रॉबर्ट्सचं ते दुसरं युद्ध. गल्लत बऱ्याच जणांची होते.

प्र. त्याच्या घोड्याला मेडल मिळालं होतं हे खरं?

खरं आहे. व्होनोलेल नावाचा पांढरट करडा अरबी घोडा, १८७७ मधे मुंबईत एका अरब घोडेवाल्याकडून घेतलेला. नाव लुशाई सरदाराचं. काबूल कंदहार मार्च त्याने केला आणि राणीने त्याला अफगाण मेडल, वर चार क्लास्प (लढायांच्या नावांच्या पट्ट्या) आणि काबूल-कंदहार स्टार दिला. हा स्टार ब्राँझचा, अयुब खानाच्या जिंकलेल्या तोफा वितळवून केलेला. १८९७ मधे राणीच्या हीरक महोत्सवाच्या मिरवणुकीत रॉबर्ट्स ह्याच घोड्यावर होता आणि घोड्याच्या छातीवर मेडलं. १८९९ मधे मेला, डब्लिनला पुरलाय. त्याच मोहिमेतल्या हजारो खेचरवाल्यांपैकी एकाचं पण नाव मला सांगता येणार नाही.

प्र. मार्शल रेस म्हणजे काय आणि त्यात रॉबर्ट्सचा हात किती?

म्हणजे अशी समजूत की काही जाती जमाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत. शीख, गुरखा, पठाण, डोग्रा, पंजाबी मुसलमान हे लढवय्ये, आणि दक्षिणेकडे जाल तसतशी हिंमत कमी होत जाते. कल्पना एकट्या त्याची नव्हती पण तिला धोरण बनवायची ताकद त्याच्याकडे होती, आणि ती त्याने वापरली.

१८८१ ते १८८५ तो मद्रास आर्मीचा प्रमुख होता. नोव्हेंबर १८८५ ते १८९३ अख्ख्या हिंदुस्तानचा. डोक्यात एकच भुंगा, की रशिया अफगाणिस्तानातून येणार. १८८५ मधे पंजदेहला रशियन आणि अफगाण भिडले तेव्हा तर युद्ध होता होता राहिलं. मग त्याचा सवाल असा की युरोपियन फौजेसमोर उभा राहील असा शिपाई कोणता? मद्रासी त्याला पसंत पडले नाहीत. आत्मचरित्रात त्याने स्पष्ट लिहिलंय की जुनी लष्करी वृत्ती त्यांच्यात मेली आहे, जशी ती बंगालच्या सामान्य हिंदुस्तानी माणसात आणि मुंबईच्या मराठ्यात मेली आहे. हो, मराठ्यात. मराठ्यांच्या फौजा इंग्रजांशी जिथे झुंजल्या त्या असई आणि लासवारीच्या लढायांना तेव्हा शंभर वर्षं पण झाली नव्हती.

मैवंदचं खापर पण अर्थात मुंबईच्या शिपायांवर फुटलं. ब्रिगेडचा जनरल बरोज, त्याने उघड्या मैदानात निम्म्याहून कमी फौजेने अफगाणांच्या भारी तोफखान्यासमोर भर उन्हात चार तास माणसं पाडून ठेवली, पाणी नाही. त्यात जे झालं त्याचा दोष जातीला.

मग मद्रासच्या पलटणी एकेक करून बरखास्त झाल्या किंवा त्यांत पंजाबी, गुरखे भरले. नोकऱ्या गेल्या, पेन्शनी गेल्या, आणि सगळ्यात बेकार म्हणजे गावोगावी बाप लष्करात म्हणून पोरगा लष्करात ही साखळी तुटली. आणि लढाईची संधीच दिली नाही की पुढे म्हणायला मोकळे, बघा ह्यांना लढाईचा अनुभव नाही.

प्र. महारांची भरती बंद झाली त्याला रॉबर्ट्स जबाबदार का?

एकट्याच्या सहीने झालं असं म्हणणं चूक. पण त्याच्याच कारकिर्दीच्या शेवटी, १८९२-९३ च्या सुमारास, पलटणी जातवार करायचं ठरलं आणि त्यात मुंबई आर्मीतल्या महारांना जागाच उरली नाही. किचनेर पुढे कमांडर-इन-चीफ झाला त्याने हेच धोरण आणखी घट्ट केलं. वरच्या जातीचे शिपाई ह्यांच्याबरोबर राहणार नाहीत हे कारण पुढे केलं जायचं, पण ह्याच मुंबई आर्मीत तोपर्यंत पिढ्यान्पिढ्या सगळे एकत्र राहिले होते, लढले होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतले मेलेले महार शिपाई भीमा कोरेगावच्या स्तंभावर नावानिशी कोरलेले आहेत, तो स्तंभ उभारला इंग्रजांनीच.

ह्याचा अर्थ नुसती नोकरी गेली असा घेऊ नका. लष्कर म्हणजे पगार, पेन्शन, अक्षरओळख, पोरांना छावणीतली शाळा, आणि हवालदार सुभेदार म्हणून हाक. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. म्हणजे तो दरवाजा बंद व्हायच्या अगदी तोंडावर. पुढे बाबासाहेबांनी स्वतः अनेकदा लिहिलंय की लष्करी नोकरीने अस्पृश्यांच्या घरात शिक्षण कसं आणलं.

लोक गप्प बसले नाहीत. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त झालेले, त्यांनी १८९४ मधे भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुण्यात शिवराम जानबा कांबळे ह्यांनी तेच काम पुढे नेलं, १९१० मधे तर विलायतेतल्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मधे १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मधे मोडली. कायमची महार रेजिमेंट आली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला.

प्र. मग मराठ्यांबद्दल तो चुकला हे सिद्ध झालं का?

सिद्ध करायची गरजच नव्हती, पण झालं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेली सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून वर चढत टेसिफॉनपर्यंत लढले आणि मग कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पाच महिने उपाशीपोटी, शेवटी एप्रिल १९१६ मधे सगळी फौज तुर्कांच्या कैदेत. ११७ व्या पलटणीला नंतर रॉयल हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीमधे यशवंत घाडगे (जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५), दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे रॉबर्ट्सच्या छातीवर होता तोच. घाडगे त्याच लढाईत गेले.

प्र. हिंदी माणसाला ऑफिसर करायला त्याचा विरोध होता म्हणतात.

होता, आणि लपवाछपवी नव्हती. जनरल चेस्नी नावाचा सरकारातलाच माणूस हिंदी लोकांसाठी लष्करी कॉलेज काढा, चांगल्या घरातल्या तरुणांना अधिकार द्या म्हणत होता, रॉबर्ट्सने मोडता घातला. त्याचं म्हणणं, हिंदी माणूस कितीही शूर किंवा शिकलेला असला तरी गोरा सोल्जर त्याचा हुकूम मानणार नाही. हिंदुस्तानी शिपायावर त्याचं प्रेम होतं हे पण खरं, उर्दू बोलायचा, जुन्या सुभेदारांना नावाने ओळखायचा. पण ते प्रेम शिपाई शिपाई असेपर्यंत.

प्र. छावणीतल्या बायकांचं काय प्रकरण होतं? चरित्रांत सापडत नाही.

सापडणार नाही. १८८६ मधे त्याच्या हेडक्वार्टर्समधून एक परिपत्रक निघालं की रेजिमेंटच्या बाजारात गोऱ्या सोल्जरांसाठी पुरेशा आणि दिसायला बऱ्या बायका ठेवा, त्यांची तपासणी होत राहील असं बघा. गुप्तरोगांनी सोल्जर हॉस्पिटलात पडत होते हा त्यामागचा हिशोब. पुढे विलायतेत ते फुटलं, वेश्यांच्या सक्तीच्या तपासणीविरुद्ध लढणाऱ्या जोसेफिन बटलरच्या चळवळीने रान उठवलं, दोन अमेरिकन बायका इथे येऊन छावण्या फिरून पुरावे घेऊन गेल्या. रॉबर्ट्सने आधी नाकारलं, मग १८९३ मधे माफी मागितली. त्या छावणीच्या बाजारातल्या बायकांची माफी कुणीच मागितली नाही.

प्र. ब्रह्मदेशाशी संबंध होता का?

थोडा. थिबा राजाला नोव्हेंबर १८८५ मधे पदच्युत केलं, रॉबर्ट्स त्याच महिन्यात कमांडर-इन-चीफ झाला. राज्य घेणं सोपं गेलं पण मग सगळीकडे बंडाळी माजली, १८८६ च्या शेवटी रॉबर्ट्स स्वतः जाऊन मंडालेत बसला. थिबा तोवर आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत पोचला होता आणि १९१६ मधे तिथेच वारला.

प्र. बोअर युद्धात सदुसष्टाव्या वर्षी त्याला का पाठवलं?

डिसेंबर १८९९ च्या एका आठवड्यात इंग्रज तीन ठिकाणी हरले, स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफोंटेन आणि कोलेन्सो. कोलेन्सोला १५ डिसेंबरला उघड्यावर अडकलेल्या तोफा सोडवायला जे स्वेच्छेने पुढे गेले त्यात रॉबर्ट्सचा एकुलता उरलेला मुलगा फ्रेडी होता. जबर जखमी होऊन दोन दिवसांत गेला. त्याला पण व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बाप आणि मुलगा दोघांना हे पदक मिळाल्याच्या मोजून तीन जोड्या आहेत, त्यातली ही एक. दुसऱ्या जोडीतला बाप, कॉन्ग्रीव्ह, त्याच दिवशी त्याच तोफांपाशी होता. आणि गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवलंय की फ्रेडीला रणांगणावरून वाहून नेण्याचं काम त्यांच्या हिंदी अँब्युलन्स कोरने केलं. रॉबर्ट्सला नवी नेमणूक आणि मुलाची बातमी जवळजवळ एकाच वेळी कळली.

जानेवारी १९०० मधे केपटाउनला उतरला, सोबत किचनेर. रेल्वेलाईन सोडून वळसा घालायची त्याची जुनी खोड इथे पण चालली, बोअरांच्या वेढ्यातली किंबर्ली सुटली, २७ फेब्रुवारीला पार्डेबर्गला बोअर जनरल क्रोन्ये चार हजार बोअरांसकट शरण आला, मार्चमधे ब्लूमफाँटेन, ५ जूनला प्रिटोरिया. पण ज्या माणसाचं आयुष्य रसदीत गेलं त्यानेच ह्या वेळी चालू वाहतूक व्यवस्था मोडून नवी बसवायचा घाट घातला, वाटेत मोठा गाड्यांचा तांडा बोअरांनी पळवला, आणि ब्लूमफाँटेनला दूषित पाण्याने टायफॉइड होऊन सोल्जर किड्यामुंगीसारखे मेले.

युद्ध संपलं समजून डिसेंबर १९०० मधे घरी गेला. संपलं नव्हतं. गनिमी काव्याने लढणाऱ्या बोअरांची शेतघरं जाळायला सुरुवात त्याच्याच हुकमाने झाली, आणि त्यातून बेघर झालेल्या बायकापोरांच्या छावण्या किचनेरने वाढवल्या. त्या छावण्यांत वीस हजारांहून जास्त बोअर बायकामुलं मेली, आणि काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्यांत आणखी हजारो, ज्यांची धड मोजदाद पण कुणी ठेवली नाही.

प्र. एकूण मानसन्मान किती?

व्हिक्टोरिया क्रॉस, गार्टर, सेंट पॅट्रिक, ऑर्डर ऑफ मेरिट (पहिल्याच यादीत), बाथ, स्टार ऑफ इंडिया आणि इंडियन एम्पायर ह्या तिन्हींचे सगळ्यात वरचे दर्जे, १८९५ पासून फील्ड मार्शल, १८९२ मधे बॅरन आणि १९०१ मधे अर्ल. पार्लमेंटने एक लाख पौंड रोख दिले. जर्मन कैसरने पण आपलं ब्लॅक ईगल दिलं, आणि तेरा वर्षांनी त्याच कैसरशी युद्ध. मुलगा नसल्यामुळे अर्लपद मुलीकडे जाईल अशी खास तरतूद करून घेतली होती, तसं ते थोरली आयलीन हिच्याकडे गेलं.

प्र. मेला कसा?

१९१४ च्या नोव्हेंबरमधे फ्रान्सला गेला, बर्फाळ वाऱ्यात हिंदुस्तानी पलटणींना भेटायला. वय ८२. न्यूमोनिया झाला आणि १४ तारखेला संपला. वेस्टमिन्स्टर हॉलमधे शव दर्शनाला ठेवलं, विसाव्या शतकात राजघराण्याबाहेरच्या फक्त दोघांना हा मान मिळाला, दुसरा चर्चिल. पुरलंय सेंट पॉल्समधे.

प्र. पुतळा कुठे आहे?

मूळचा मोठा घोड्यावरचा पुतळा कलकत्त्याच्या मैदानावर १८९८ मधे लागला. त्याचीच प्रत ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह पार्कमधे आहे, आणि लंडनला हॉर्स गार्ड्सपाशी लहान पुतळा आहे. ग्लासगोवाल्यात खालच्या चौथऱ्याभोवतीचे शिल्पपट्टे नीट बघा, त्यात मार्चमधले शीख, गुरखे आणि डोंगरी तोफा वाहणारे दिसतात.